थरथरत्या पटावरचा बचाव

गीझरचं बटण बंद केलं की बहारीनमध्ये उन्हाळा सुरू होतो. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात, गार पाण्याच्या नळातून अंग भाजेल असं पाणी येतं, आणि न्हाणीघरात सावलीला टांगलेल्या बंद गीझरमध्ये साठलेलं पाणीच काय ते डोक्यावर घेता येतं. चार महिने निळ्या खुणेचा नळ गरम आणि लाल खुणेचा गार. नवा आलेला माणूस पहिल्या जूनमध्ये हमखास निळा नळ सोडतो. जुना माणूस न बघता लाल फिरवतो आणि आपण हे कधी शिकलो ते त्याला आठवत नाही.

परवा मी बटण बंद केलं आणि सवयीने छताकडे कान दिला. आवाज नव्हता. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात याच छतातून घरघर यायची. दहा-पंधरा सेकंद चालायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

तो उन्हाळा दमट होता. इथले सगळेच असतात, पण काही वर्षी वारा पडतो आणि हवा अंगावर ओल्या टॉवेलसारखी बसते. एसीतल्या खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा धुकट होतात. गाडी सापडेपर्यंत माणूस अंदाजाने चालतो. दुपारी रस्त्यावरची कामं नियमाने बंद असतात आणि आमच्या गुदैबिया भागातल्या गल्ल्या रिकाम्या दिसतात. शाळांना सुटी लागली की बायका-मुलं गावी जातात. माझी बायको रत्नागिरीला गेली होती. मीना सलमान बंदरातल्या गोदामावरच्या कार्यालयात जहाजमालाची कागदपत्रं तपासायची आणि घरी येऊन वरणभाताचा कुकर लावायचा, एवढाच माझा दिनक्रम होता.

घरघर सुरू झाली तेव्हा वरच्यांच्या एसीचा कॉम्प्रेसर गेला असं वाटलं. दोन संध्याकाळी ऐकून घेतली, तिसऱ्या संध्याकाळी वर गेलो. दार अजित पाटलांनी उघडलं. एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट, मूळचे सांगलीचे.

"या," ते म्हणाले. "तुम्ही येणार हे धरलंच होतं. कॉम्प्रेसर नाही, फुटबॉल आहे."

जेवणाच्या टेबलावर लोखंडी पत्र्याचा हिरवा पट होता, दारापासून काढून आडवं टाकलेलं फळकूट असावं एवढा. त्यावर यार्डांच्या पांढऱ्या रेषा, आणि शिरस्त्राणं घातलेली बोटाच्या पेराएवढी माणसं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. अमेरिकन फुटबॉल. जुफैरमधलं एक अमेरिकन कुटुंब देश सोडून चाललं होतं आणि घरातलं सामान फाटकाशी मांडून विकत होतं. अजितरावांनी तो पट कॅरमचा एखादा मोठा प्रकार समजून उचलला. सोबत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, कारण पट अमेरिकन विजेवर चालतो.

चालतो म्हणजे थरथरतो. बटण दाबलं की खालची मोटार पत्रा हलवते आणि माणसं आपापल्या वाटेने सरकू लागतात. प्रत्येकाच्या पायाखाली चकतीसारखी बैठक असते, बैठकीच्या पोटात मसुराएवढी फिरकी. फिरकी नखाने एका बाजूला फिरवली की माणूस सरळ जातो, थोडी वळवली की वळणाने, पूर्ण वळवली की जागच्या जागी रिंगण घालतो. बटण दाबल्यावर कोणालाही हात लावायचा नाही. जे काही सांगायचं ते आधी सांगून ठेवायचं.

मग तक्रार करायला गेलेला माणूस पंच झाला. "काका, यू आर न्यूट्रल," सई म्हणाली. पाटलांची मुलगी, अकरावीत. मराठी तिला सगळं कळायचं. उत्तर इंग्रजीत यायचं. बटण माझ्या हाती आलं.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मेघनावहिनी बसल्या होत्या, उजवं मनगट पट्ट्यात.

डॉ. मेघना पाटील दातांच्या डॉक्टर. बुदैयाच्या रस्त्यावर एका खाजगी दवाखान्यात अठरा वर्षं काम करत होत्या. मेच्या अखेरीस आमच्याच इमारतीच्या मागच्या जिन्यात पाय घसरला. सगळ्या मजल्यांच्या एसीचं पाणी उन्हाळ्यात त्या पायऱ्यांवर गळतं. शेवाळ धरत नाही, पण संगमरवर काचेसारखा होतो. मनगटाचं हाड मोडलं. सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात ते नीट बसवलं गेलं, पण नस दबली होती. अंगठा आणि पहिलं बोट बधिर राहिलं. येईल, डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. किती, ते सांगता येणार नाही.

दाताच्या डॉक्टरचं सगळं काम त्या दोन बोटांत असतं. दवाखान्याचे मालक बहारीनी डॉक्टर होते, सभ्य माणूस. त्यांनी सांगितलं, उन्हाळाभर विश्रांती घ्या, सप्टेंबरात या, हात बघू. नाही आला तर रिसेप्शनचं, देखरेखीचं काहीतरी काम देऊ. त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं होतं. वहिनींनी त्यावर घरी एकच वाक्य उच्चारलं होतं: "मी दुसऱ्यांच्या पेशंटांना टोकन देत बसणार नाही."

व्यायाम म्हणून मऊ चिखलासारखा गोळा दाबायचा आणि वाटीतली मोहरी एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची, असं सांगितलं होतं. गोळा त्यांनी दाबला. मोहरी दोन दिवसांत कपाटात गेली. "मोहरी वेचायला मी नवी सून आहे होय?" त्या म्हणाल्या. म्हणून अजितरावांनी तो पट टेबलावर मांडला होता. पण हे कारण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

घरचे नियम सोपे होते. सईने हल्ला करायचा, आईने बचाव. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं की सईला आणखी चार प्रयत्न. नाही गेलं की डाव आईचा. आधी दोन्ही बाजू सावकाश मांडायच्या. मग सईने आपली माणसं हवी तशी हलवायची, आणि त्याला उत्तर म्हणून बचावाला दहा अंक. अंक मी मोजायचे. दहा म्हटलं की हात मागे.

सुरुवातीला वहिनींच्या वतीने अजितरावांनी बचाव मांडला, आणि तो क्रिकेटचा होता. जिथे चेंडू जाईल तिथे माणूस. एक त्यांनी अगदी कडेला ठेवला.

"बाबा, व्हॉट इज दॅट गाय डूइंग?"

"तो फाइन लेगला आहे."

"देअर इज नो फाइन लेग."

"नसू दे. हल्ली कोणी लावत नाही म्हणून चौकार जातात."

सईने चेंडू नेमका दुसरीकडे टाकला. चेंडू म्हणजे स्पंजचा तुकडा. पट थांबवायचा, फेकणाऱ्याच्या स्प्रिंगच्या हाताने तो उडवायचा, आपल्या माणसाला लागला तर झेल. मग पुन्हा बटण, आणि झेल घेतलेला माणूस पळत सुटतो, कोणी समोरून येऊन टेकेपर्यंत. अजितरावांचा फाइन लेग त्या वेळी पटावरून खाली पडला होता.

सईची पद्धत तिने इंटरनेटवरून उचलली होती. मधे गर्दी करायचीच नाही. चार माणसं, कधी पाच, पटाच्या दोन्ही कडांपर्यंत पसरून ठेवायची. बचाव त्यांच्याबरोबर ताणला जातो, मधे भगदाड पडतं, फेक तिथे. पसरलेल्या माणसांसमोर जोडीला एकेक माणूस देणं हे कोणालाही सुचणारं उत्तर. वहिनींनी तेच केलं, आणि ते दोन कारणांनी फसलं. एक, या पटावर पाठलाग नसतो. समोरचा निसटला की आपला माणूस त्याच्या मागे वळत नाही. तो ज्या दिशेला निघाला त्या दिशेला निर्विकारपणे जात राहतो. दोन, पाच माणसांसमोर पाच माणसं दहा अंकांत हलवायची तर हात चपळ लागतो. त्यांचा डावा हात सवयीचा नव्हता, आणि उजव्याला माणूस पकडला की नाही हे कळत नव्हतं. ते बघून ठरवावं लागायचं. चिमटीतून माणसं पडायची. मी सात, आठ म्हणत असायचो.

"तीस मोजू या," अजितराव एकदा म्हणाले.

"आई, टेक थर्टी. आय डोंट माइंड."

"दहा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, दहाच मोजा. सुई टोचताना पेशंट तीस मोजणार आहे होय?"

त्या संध्याकाळी सई पाच वेळा शेवटची रेषा ओलांडून गेली.

जुलैत झाडांवर खजूर पिवळा पडतो. बुदैयाच्या बागांतून अर्धा पिकलेला, अर्धा करकरीत खजूर टोपल्यांतून शहरात येतो. पटामुळे टेबल अडलेलं, म्हणून पाटलांकडे जेवणं जमिनीवर व्हायची, आणि त्यानंतर मधे खजुराचं ताट. अशाच एका जेवणानंतर वहिनींनी बी ताटलीत टाकली आणि पटाकडे बघत म्हणाल्या, "मी मूर्खासारखी पळतेय."

"कोण पळतंय? तू बसून आहेस," अजितराव म्हणाले.

"अहो, कॉलेजात मी डावा कोपरा धरत होते. चढाईवाली आली की तिच्या मागं कोण धावतं का? धावलं की मेलं. तिला आत येऊ द्यायचं. कडेनं नाचू दे, हात मारू दे. ती खोल आली की मग मिटायचं."

कबड्डीबद्दल त्या आधी कधी बोलल्या नव्हत्या. सईने मोबाइलवरून मान वर केली. "यू प्लेड कबड्डी? लाइक, फॉर रियल?"

"गुडघ्यावरची खूण काय चाळणीनं पडली?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, सुटीचा. दुपारच्या बांगेनंतर छतातून घरघर आली, पण वेगळी. अगदी आखूड, दोन-तीन सेकंदांची. मग बराच वेळ शांतता. पुन्हा तेवढीच. कारण नंतर कळलं. घरातली दोघं झोपली असताना वहिनी एकच माणूस पटावर ठेवत, बटण दाबत, तो कुठे जातो ते बघत. मग त्याला उलटा करून फिरकीला नख लावत. उजव्या हाताचं. फिरकी नखाखाली आहे की नाही हे बोटाला कळत नसल्याने त्या डोळ्यांनी बघून फिरवत, आणि जास्त फिरायची. पुन्हा उलट. पुन्हा बटण. ऑगस्टभर सुटीच्या दिवशी माझ्या दुपारच्या झोपेवर हे चाललं होतं. मी तक्रार केली नाही.

त्यातून जो बचाव उभा राहिला तो असा. फेकणाऱ्यावर फक्त दोन माणसं सोडायची, सगळ्यात वेगवान, सरळ. बाकी सातजण जोड्या न लावता आपापल्या इलाख्यात. त्यांच्या फिरक्या इतक्या वळवलेल्या की ते हळूहळू रिंगणं घालतील. जो त्यांच्या अंगणात शिरेल तो आज ना उद्या टेकणारच. कोपऱ्यातल्या दोघांची रिंगणं थोडी मोठी. हे सगळं सावकाश मांडताना मांडून ठेवायचं. सईने माणसं कशीही पसरली तरी ते जागचे हलायचे नाहीत. दहा अंकांत हलवायची ती उरलेली दोन माणसं, जिथे भगदाड दिसेल तिथे. दोन माणसं त्यांच्या हाताला जमत होती.

यात द्यावं लागायचं. जवळचा झेल सई घेणारच. तीन यार्ड, चार यार्ड. पहिल्याच दिवशी तिने ओळीने चार झेल घेतले, अजितराव अस्वस्थ झाले.

"अगं, देतेस काय सगळं?"

"चार दिले. चाळीस दिले का?"

"दॅट इज नॉट इव्हन फुटबॉल," सई म्हणाली.

"नाहीच."

पसरणारा हल्ला बचावाला घाईवर जगवतो. सगळीकडे एकदम पोहोचलं पाहिजे अशी धास्ती घालतो. सगळीकडे पोहोचायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचं तो फारसं बिघडवू शकत नाही. हे वाक्य टेबलावर बसून लिहायला सोपं आहे. त्यासाठी आपल्या हातून काय जाणार ते आधी मान्य करावं लागतं, आणि त्या उन्हाळ्यात ते मान्य करणं त्या घराला सोपं जात नव्हतं.

ऑगस्टच्या मध्यावर एक वाईट आठवडा आला. इस्पितळात तपासणी झाली, गाडी मी चालवत होतो. प्रगती आहे, पण सावकाश, असं सांगितलं गेलं होतं. संध्याकाळी त्यांच्या हातातून एकच माणूस तीनदा पडला. सईने सूट दिली नाही. तिने मुद्दाम त्याच बाजूला फेक टाकली आणि शेवटच्या रेषेपर्यंत गेली.

"आय ॲम नॉट गोइंग टु लेट यू विन, आई."

"देऊ नकोस," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

अजितरावांशी थोडं बोलून मी खाली यायला निघालो. मागच्या जिन्याचं दार उघडंच होतं. पायऱ्यांवर एसीचं पाणी टपटपत होतं आणि सई तिथे सर्वांत वरच्या पायरीवर बसली होती.

"काका, हात नाही आला तर?" तिने चक्क मराठीत विचारलं.

मी चपला काढून तिच्या बाजूला टेकलो.

"आईला दुसरं काही येत नाही," ती म्हणाली. "म्हणजे येतं. पण तिला दुसरं काही नकोय." मग: "मी मुद्दाम हरले तर तिला लगेच कळेल ना?"

"पहिल्याच फेकीला."

"हो." ती उठली, ओल्या फरशीवर जपून पाय टाकत आत गेली.

आखातातली जुनी माणसं सुहैल ताऱ्याची वाट बघतात. ऑगस्टच्या अखेरीस तो पहाटे दक्षिणेला दिसू लागतो आणि मग उन्हाळा मोडतो, असं म्हणतात. तारा मी कधी पाहिला नाही. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसतात. पण त्या सुमाराला एका सकाळी निळा नळ सोडला की पाणी भाजत नाही, नुसतं कोमट असतं. तेवढं पुरतं.

शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा डाव झाला. वहिनींना त्याच आठवड्यात दवाखान्यात जायचं होतं. सईचा चौथा प्रयत्न होता आणि आठ यार्ड उरले होते. तिने पाच माणसं पसरली. तीन खिडकीकडे, दोन दाराकडे. फेकणारा मागे एकटा.

मी मोजायला लागलो. वहिनींनी पहिला माणूस डाव्या हाताने हलवला, दुसरा उजव्याने. पाचला दोन्ही झाले होते. एरवी त्या इथे हात मागे घ्यायच्या. या वेळी त्यांनी खिडकीकडच्या कोपऱ्यातला माणूस उचलला. उजव्या हाताने. त्याला उलटा केला. अंगठ्याने बैठक धरली, पहिल्या बोटाचं नख आत घातलं, आणि नजर पटावर सईच्या माणसांकडे ठेवली. हाताकडे बघितलं नाही. आठ. फिरकी केसभर फिरली असेल. नऊ. माणूस परत जागेवर, तोंड आत.

दहा. मी बटण दाबलं.

पट थरथरला. सईने थांबवायला सांगितलं, फेक टाकली. स्पंजचा तुकडा खिडकीकडच्या मधल्या माणसाला लागला. पाच यार्ड झाले. आणखी तीन हवे होते. पुन्हा बटण. तो माणूस निघाला, त्याच्यापुढे मोकळं होतं, आणि कोपऱ्यातला माणूस नेहमीचं रिंगण न घेता आणखी थोडं रुंद रिंगण घेऊन कडेने आला, अगदी सावकाश, आणि त्याला समोरून टेकला.

मी बटण बंद केलं. सईने हनुवटी टेबलाला टेकवून रेषेच्या पातळीत डोळा आणला. बैठक रेषेच्या अलीकडे होती.

"खलास," ती म्हणाली. मग आईकडे बघत: "यू डिडन्ट लुक."

"काय?"

"ॲट युअर हँड. यू डिडन्ट लुक ॲट इट."

वहिनींनी तेव्हा हाताकडे बघितलं. अजितराव चहा ठेवायला उठले आणि स्वयंपाकघरात बराच वेळ राहिले.

त्या आठवड्यात दवाखान्यात मालकांनी प्लास्टरचा जबडा पुढे ठेवला आणि एक दात कोरून दाखवायला सांगितला. त्या संध्याकाळी छतातून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सई आता पुण्यात शिकते. पट पाटलांच्या पलंगाखाली आहे, ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे, कारण त्यांच्याकडे जागा नाही. पुढच्या आठवड्यात ती सुटीला येते आहे. ट्रान्सफॉर्मर वर आणून ठेवा असा निरोप आहे, मराठीत टाइप केलेला, बऱ्यापैकी चुकांसह.

काल संध्याकाळी मी बुदैयाच्या रस्त्याने गेलो. रस्त्याच्या कडेला खजुराचे घोस अजून हिरवे होते. माझ्या खालच्या डाव्या दाढेत महिनाभर कळ होती. खुर्चीत पाठ टेकली, वर दिवा आला. भिंतीवर एक पाटी आहे, की दाढ काढण्याचं आणि बराच वेळ चालणारं काम दुसरे डॉक्टर करतात. ते मेघनावहिनींनी स्वतःच सोडून दिलं आहे. उरलेलं त्या करतात, आणि उरलेलं पुष्कळ आहे.

"तोंड मोठं उघडा, भाऊजी. दहा मोजा मनात. तेवढ्यात होतंय."

मशीन सुरू झालं. ती घरघर ओळखीची होती, फक्त सूर वरचा. मी मोजायला लागलो. सहाला त्यांनी मशीन थांबवलं. काम झालं असं वाटलं. त्यांनी आरसा थोडा कलता केला, दाढेच्या मागच्या कोपऱ्यात बघितलं, आणि पुन्हा सुरू केलं, अगदी केसभर, सात, आठ, नऊ.